फुगलेल्या शिरा आणि पितृत्व
थंडीत अंडकोश आक्रसतो, उन्हाळ्यात सैल पडतो. कारण शुक्रजंतू घडायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. डाव्या वृषणातून रक्त परत नेणारी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा सैल पडल्या, की तुंबलेल्या गटारासारखं गरम रक्त मागे साचतं. उभं राहिल्यावर बोटांना शिरांचा गुंता लागतो. हेच व्हेरिकोसील.

पण हा दोष साधारण १५ टक्के पुरुषांत असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलं होतात. मग शिरांना बोल का लावायचा? कारण वंध्यत्वाच्या तपासणीला आलेल्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० टक्के भरतं. म्हणून शीर हाताला लागते, वीर्यतपासणीत खोट दिसते आणि मूल हवं आहे, अशा वेळीच शस्त्रक्रियेचा विचार करावा. शुक्रजंतू घडायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे गुण आला का, हे तीन महिन्यांनंतरच कळतं.