सरकारी साहाय्य घेणारा भाडेकरू : अनिवासी घरमालकाचा हिशेब

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनी राहत्या घराखेरीज आणखी एखादे घर घेऊन ते भाड्याने दिलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेमुळे आता निवासी भारतीयांनाही तेथे घर घेता येते. या योजनेची मर्यादा प्रतिव्यक्ती वर्षाला २.५ लाख डॉलर आहे. अशा घरमालकापुढे केव्हातरी एक अर्जदार येतो आणि सांगतो, "माझ्याकडे सेक्शन ८ चे व्हाउचर आहे." जुन्या भाडे कायद्याच्या आणि पागडीच्या कथा ऐकत वाढलेला मालक येथे प्रथम दचकतो. सरकार मध्ये आले म्हणजे घर हातचे गेले, ही आपल्याकडची धारणा. ती येथे गैरलागू आहे. परंतु सरकार पैसे देते म्हणजे सारे निर्धोक, हा उलट समजही तितकाच अपुरा आहे.

१९३७ च्या गृहनिर्माण कायद्यातील आठव्या कलमाला १९७४ मध्ये नवे रूप देण्यात आले आणि त्यावरून या योजनेस हे नाव मिळाले. आज सुमारे २३ लाख कुटुंबे तिचा लाभ घेतात. निधी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा असतो आणि अंमलबजावणी स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणे करतात. घर खासगी मालकाचेच राहते. भाडेकरार मालक आणि भाडेकरू यांच्यात होतो. मालक आणि प्राधिकरण यांच्यात वेगळा करार होतो आणि भाड्यातील साहाय्याचा हिस्सा त्यानुसार थेट मालकाकडे येतो. पहिला भाडेकरार सामान्यतः एक वर्षाचा असतो.

भाडेकरूने साधारणपणे आपल्या समायोजित मासिक उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भरावी, उरलेली प्राधिकरणाने, असे या योजनेचे सूत्र आहे. समजा, वीज-पाण्यासह भाडे १,५०० डॉलर असून ते प्राधिकरणाने ठरविलेल्या मर्यादेत आहे. कुटुंबाचे समायोजित उत्पन्न १,८०० डॉलर असेल, तर ते ५४० डॉलर भरील आणि प्राधिकरणाकडून ९६० डॉलर येतील. उद्या त्या घरातील मिळवत्या व्यक्तीचे कामाचे तास घटून उत्पन्न १,००० डॉलरवर आले, तर फेरतपासणीनंतर कुटुंबाचा हिस्सा ३०० डॉलर होतो आणि प्राधिकरणाचा १,२००. सामान्य भाडेकरूचे उत्पन्न घटले की मालकाच्या कर्जाचा हप्ता अडचणीत येतो. येथे तोच धक्का बऱ्याच अंशी सरकार सोसते. ज्याच्या घरावर कर्ज आहे, त्याच्या दृष्टीने योजनेचा खरा लाभ हाच होय.

मात्र मागू ते भाडे मिळत नाही. परिसरातील तशाच विनासाहाय्य घरांच्या तुलनेत भाडे वाजवी आहे, याची खात्री प्राधिकरण करून घेते. ठरलेल्या भाड्यापेक्षा वरची रक्कम भाडेकरूकडून गुपचूप घेणे हा करारभंग असून त्याचे परिणाम गंभीर असतात. आपल्याकडे 'वरचे पैसे' ही गोष्ट काही जण सहज मानतात, म्हणून हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. आई-वडील, मुले, नातवंडे, भावंडे यांना या योजनेखाली घर देता येत नाही. अपंगत्वाचा अपवाद तेवढा आहे.

हिशेबाची दुसरी बाजू तपासणीची आहे. घर तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय साहाय्याचा हिस्सा सुरू होत नाही. भाडे १,५०० डॉलर असेल, तर रिकामे घर दिवसाला सुमारे ५० डॉलर खाते; अर्ज, तपासणी, दुरुस्ती व पुन्हा तपासणी यांत चार आठवडे गेले तर १,४०० डॉलर बुडाले. त्यानंतरही ठरावीक कालावधीने तपासणी होतच राहते. जिवाला धोका असलेला दोष २४ तासांत आणि इतर दोष साधारणपणे ३० दिवसांत दूर करावा लागतो. मालकाने तसे न केल्यास साहाय्य रोखले जाते. रोखलेल्या काळाची ती रक्कम परत मिळत नाही आणि भाडेकरूकडूनही मागता येत नाही. १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात सहा वर्षांखालील मूल राहणार असेल, तर शिशाच्या रंगाचा प्रश्न विशेष काटेकोरपणे पाहिला जातो. पुण्यात वा नाशिकमध्ये बसून ओहायोतील घर सांभाळणाऱ्याने तेथे विश्वासू व्यवस्थापक आणि हाताशी दुरुस्तीचा निधी असल्याखेरीज या वाटेस न जाणे बरे.

भाडेकरूच्या वर्तनाची हमी प्राधिकरण घेत नाही. पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करणे, भाडे वेळेवर भरल्याचा इतिहास पाहणे, ही जबाबदारी मालकाचीच असते; कसोटी मात्र सर्व अर्जदारांना एकच असावी. अनामत रक्कमही भाडेकरूकडूनच घ्यावयाची असते. पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौथ्या हिश्शालाच अमेरिकेत गृहसाहाय्य मिळते आणि अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते. कराराचा गंभीर भंग झाल्यास हाती आलेले व्हाउचर जाऊ शकते, म्हणून ते टिकविण्याची काळजी बहुतेक कुटुंबे घेतात. व्हाउचर मिळाल्यावर घर शोधण्यास मुदत असते, किमान ६० दिवसांची. त्या मुदतीत कोणी मालक तयार झाला नाही आणि वाढही मिळाली नाही, तर वर्षांची प्रतीक्षा वाया जाते. मालकाच्या नकाराची किंमत ती अशी.

शिवाय अनेक राज्यांत हा नकार देण्याची मुभाच उरलेली नाही. केवळ व्हाउचर आहे म्हणून अर्ज नाकारण्यास केंद्रीय कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. परंतु न्यू जर्सी, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, २०२० पासून कॅलिफोर्निया आणि २०२३ पासून इलिनॉय येथे राज्याच्या कायद्याने तसे करता येत नाही. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवे, अशी अट घालणाऱ्यास कॅलिफोर्नियात ती भाडेकरूच्या स्वतःच्या हिश्शावर मोजावी लागते. याउलट टेक्सासने २०१५ मध्ये आपल्या शहरांना असे नियम करण्यास सर्वसाधारणपणे प्रतिबंध केला. तेव्हा 'व्हाउचरधारकांनी अर्ज करू नये' अशी ओळ जाहिरातीत घालण्यापूर्वी घर कोणत्या राज्यात व कोणत्या शहरात आहे हे पाहून स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

योजनेचा निधी काँग्रेस दरवर्षी मंजूर करते, हेही ध्यानात ठेवावे. २०१३ च्या खर्चकपातीत अनेक प्राधिकरणांनी नवी व्हाउचर देणे थांबविले होते. अमेरिकेत निवासी नसलेल्या मालकाच्या ढोबळ भाड्यावर, खर्च वजा न करता, ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय रीतसर स्वीकारल्यास ही कपात टळते. भारतात निवासी असलेल्या करदात्याला हे उत्पन्न आणि ही मालमत्ता येथील विवरणपत्रातही दाखवावी लागते. भाडे सरकारकडून आले म्हणून यांतील कोणतीही जबाबदारी कमी होत नाही.