व्हेंटिलेटरवर ठेवणे म्हणजे काय?

कुरुंदवाडचा रुग्ण मिरज किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर (कृत्रिम श्वसनयंत्र) ठेवला, की ‘आता संपलं’ असे अनेकांना वाटते. तसे नेहमीच नसते.

निकामी झालेल्या अवयवाचे काम बाहेरून चालवणे म्हणजे जीवनाधार (लाइफ सपोर्ट). व्हेंटिलेटर श्वासाचे काम करतो, डायलिसिस (यंत्राने रक्तशुद्धी) मूत्रपिंडाचे. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात भिजलेल्या भिंतीला टेकू देतात, तसेच हे. टेकू भिंत दुरुस्त करत नाही. दुरुस्तीला वेळ मिळवून देतो. नागदंशानंतर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हा विष उतरेपर्यंत व्हेंटिलेटरच जीव वाचवतो. मेंदूमृत्यू (मेंदूचे कार्य कायमचे थांबणे) झाल्यावर मात्र रुग्ण परत येत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे बेशुद्ध रुग्ण यंत्रावरच जगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हाही त्या स्वतःच श्वास घेत होत्या.

असाध्य अवस्थेत उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्यास २०१८पासून न्यायालयाची मान्यता आहे. पण अवस्था असाध्य आहे का, हे ठरवण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे: कोणत्या अवयवाला आधार दिला आहे, आणि तो पुन्हा काम करू लागण्याची शक्यता किती?