मृत्युपत्रातून वृद्ध माजी सैनिकांना मदत: छोट्या दुकानदाराने हे कसं करायचं?

व्हिडिओमध्ये हा विषय दहा मिनिटांत उरकला होता, पण कागदपत्रांचा भाग बोलून नीट समजत नाही. तो वाचावा लागतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आमच्या कर्जतच्या बाजारात एक हार्डवेअरवाले काका होते. मूलबाळ नाही. थोरला भाऊ फौजेत होता, पेन्शनला लागणारी वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच घरी आला आणि शेवटची दोन वर्षं अंथरुणावर काढली. काकांनी त्याचं सगळं केलं. तेव्हापासून चहाच्या टपरीवर काका नेहमी म्हणायचे, "माझ्यामागे दोन लाख म्हाताऱ्या फौजींना द्यायचे, बरं का." आम्ही सगळ्यांनी ते वीस वेळा तरी ऐकलं असेल. काका गेले. लिहिलेलं काहीच नाही. बँकेत एफडीला नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव होतं, बँकेने नियमाप्रमाणे पैसे त्याच्या हातात दिले. पुतण्या म्हणाला, "नाव माझं आहे, म्हणजे पैसे माझे." काकू दुकानात येऊन माझ्यासमोर बसल्या, तेव्हा माझ्याकडे बीबीएची डिग्री होती, पण उत्तर नव्हतं. मग वकिलांकडे फेऱ्या मारून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे कोणाच्या हातात देईल एवढंच ते नाव सांगतं. पुढे ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याच्या वारसांना जातात. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबतही हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते, तिथे गल्लत करू नका. काकांच्या बाबतीत वारस काकू होत्या, पुतण्या नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, आत्ता कुठे धंदा सुरू करतोय, मरणाचं कशाला काढता? कारण प्रोप्रायटरशिप असेल तर धंदा आणि तुम्ही कायद्याने वेगळे नाहीच. दुकानाचं कर्ज ते तुमचं कर्ज, दुकानाची शिल्लक ती तुमची शिल्लक. भागीदारी असेल तर करारात वेगळं लिहिलेलं नसताना एक भागीदार गेला की फर्मच संपते. त्यामुळे मृत्युपत्र हा म्हातारपणाचा कागद नाही, तो धंद्याचा कागद आहे. त्यात समाजासाठी एक ओळ घालायची की नाही, हा पुढचा प्रश्न.

माजी सैनिकच का? आपल्याकडे समज आहे की फौजी म्हणजे पेन्शन, कॅन्टीन, सगळं छान. पण जवानाला साधारण १५ वर्षं सेवा झाल्याशिवाय नेहमीचं पेन्शन मिळत नाही. त्याआधी बाहेर पडलेला माणूस साठी ओलांडल्यावर कुठे जातो? अशा पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्राकडून महिन्याला ४,००० रुपये मिळायचे; नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते ८,००० केले आहेत. आठ हजारात औषधं, जेवण आणि सांभाळणारी बाई कशी बसवायची हे घरात म्हातारं माणूस असलेल्याला विचारा. आणि आपला रायगड काही सैन्याला परका नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बाहेरच्या देशांत सैनिकांसाठी निवारा ही जुनी पद्धत आहे. लंडनचं चेल्सी रॉयल हॉस्पिटल १६८२ मध्ये स्थापन झालं, ते आजही म्हाताऱ्या सैनिकांचं घर आहे. ब्रिटनमध्ये मृत्युपत्रातून अशा संस्थांना पैसे ठेवणं ही अगदी सर्वसामान्य माणसाची सवय आहे. त्याला करही कारण आहे: तिथे वारसा कर ४० टक्के, आणि मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादाय कामाला ठेवला तर तो ३६ टक्क्यांवर येतो. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच बंद झाली. म्हणजे मृत्युपत्रात दान लिहून कर वाचेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ८०-जीची सवलत जिवंतपणी दिलेल्या देणगीला असते, तीही जुन्या कर पद्धतीत राहिलात तर, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती मिळत नाही.

मृत्युपत्रातून दान हा काही साहेबांचाच प्रकार नाही. खोपोलीचं टाटांचं पॉवर हाउस आपण सगळे पाहत आलोय, १९१५ सालचं. त्याच टाटा घराण्यातले सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. तो आज शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आपली रक्कम त्यामानाने चिल्लर असेल, कागद मात्र तोच.

पैसे नेमके कोणाला द्यायचे?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. काकांनी लिहिलं असतं तरी "म्हाताऱ्या फौजींना" एवढंच लिहिलं असतं. हे 'म्हातारे फौजी' म्हणजे कोण? कोर्टात अशी मोघम ओळ अडकू शकते.

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या भागात खोपोलीचं रमाधाम आठवतं, पनवेलजवळ नेरे इथलं शांतिवन आठवतं. ही सगळ्यांसाठीची ठिकाणं आहेत. खास सैनिकांसाठी बघायचं तर पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा भाग निकामी झालेले सैनिक तिथे राहतात, काहीजण वर्षानुवर्षं. त्याच खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना हाताला काम शिकवण्यासाठी सुरू झालेलं. आणि एखादी संस्था निवडणं जड वाटत असेल तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे. ७ डिसेंबरला शाळेत छातीवर छोटा झेंडा लावून पैसे द्यायचो ना, तोच. ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, आणि १९९३ मध्ये वेगवेगळे निधी एकत्र करून आजचा निधी झाला. तो दिल्लीचं केंद्रीय सैनिक मंडळ सांभाळतं. वर सांगितलेले महिन्याचे पैसे यातूनच जातात, आणि खडकीसारख्या केंद्रांनाही यातून मदत होते. राष्ट्रीय संरक्षण निधी हा वेगळा, १९६२ चा. नावं सारखी वाटतात म्हणून सांगितलं.

जिल्ह्याच्या पातळीवर अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कर्जत-खालापूरवाल्यांनी एक दिवस काढून तिथे जाऊन विचारावं. मी स्वतः फोनपेक्षा जाणं पसंत करतो. समोर बसलं की माणूस नीट सांगतो.

खासगी ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि मागच्या दोन-तीन वर्षांचा ताळेबंद मागा. मागायला लाजू नका. नवीन होलसेलरला पहिला चेक देताना आपण चौकशी करतो की नाही?

रक्कम लिहू नका, हिस्सा लिहा

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि वकीलसुद्धा कधीकधी घाईत सोडून देतात. समजा तुमच्याकडे ६ लाखांचा माल, अडीच लाखांची उधारी येणं, ४ लाखांची एफडी. देणं म्हणजे बँकेचं कर्ज ५ लाख आणि व्यापाऱ्यांचे दीड लाख. वहीत शिल्लक दिसते ६ लाख. तुम्ही उदार मनाने लिहिता, "२ लाख माजी सैनिकांना, बाकी पत्नीला."

आता प्रत्यक्षात काय होतं? मालक गेल्यावर माल निम्म्या भावाने जातो, म्हणजे ३ लाख. उधारी एक लाख आली तरी नशीब. एफडी ४ लाख. झाले ८ लाख. त्यातून साडेसहा लाखांचं देणं आधी फेडावं लागतं, कारण कायद्याने कर्ज आधी, दान नंतर. उरले दीड लाख. तुम्ही तर २ लाख लिहून ठेवलेत. ठरावीक रक्कम आधी जाते आणि 'बाकी' उरलं तर मिळतं. म्हणजे दीडच्या दीड लाख संस्थेला आणि बायकोला शून्य. कोणत्या फौजीला असे पैसे गोड लागतील?

त्याऐवजी "सर्व देणी भागवून उरलेल्या रकमेचा दहा टक्के हिस्सा" असं लिहिलं असतं, तर संस्थेला १५,००० आणि पत्नीला १,३५,०००. आणि धंदा वाढून शिल्लक ४० लाख झाली तर संस्थेचा हिस्सा आपोआप ४ लाख. मृत्युपत्र बदलायला नको.

मसुदा साधारण असा करता येईल, वकिलांकडून तपासून घ्या: "माझी सर्व कर्जे, देणी व अंत्यसंस्काराचा खर्च भागवल्यानंतर उरणाऱ्या माझ्या रोख व बँकेतील रकमेपैकी दहा टक्के रक्कम (संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन) या संस्थेस वृद्ध माजी सैनिकांच्या निवास व शुश्रूषेसाठी द्यावी. माझ्या मृत्यूसमयी ही संस्था अस्तित्वात नसल्यास माझ्या व्यवस्थापकाने त्याच उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस ती रक्कम द्यावी." ती शेवटची ओळ विसरू नका. संस्था बंद पडतात, नाव बदलतात.

'व्यवस्थापक' म्हणजे एक्झिक्युटर. तो तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि हिशोबाला पक्का हवा. त्याला विचारून मगच नाव टाका.

शेतजमिनीचं काय?

कर्जत-खालापुरात हा प्रश्न येणारच, कारण आपल्याकडे रोख कमी आणि गुंठे जास्त. भाव वाढलेत, म्हणून काहीजण म्हणतात, पाच गुंठे संस्थेला लिहून देऊ. सांभाळून. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे सहजासहजी जात नाही, आणि याच मूळ कायद्याच्या गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मृत्युपत्रालाही ही बंदी लागू केली. आदिवासी जमीन, वर्ग २ ची जमीन, यांचे निर्बंध आणखी वेगळे. शेती घरच्यांना, रोख संस्थेला, ही विभागणी सोपी पडते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत फक्त तुमचा हिस्साच तुम्ही लिहू शकता. मुस्लिम बांधवांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

बाकी कागद सोपा आहे. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही. तुमची सही आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशय नको. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. पुढे "ही सही त्यांची नाहीच" म्हणणारा भेटतोच. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि घरात सांगा! संस्थेचं नाव मुलांना पहिल्यांदा मृत्युपत्रातच कळलं तर ती संस्थेलाच चोर समजतात.

काकूंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वकिलाची नोटीस गेल्यावर पुतण्याने एफडीतली निम्मी रक्कम परत केली. बाकीसाठी काकूंनी भांडण वाढवलं नाही. मला ते पटलं नाही, पण पैसे त्यांचे होते. मग त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं, नोंदवलं, आणि त्यात दहा टक्क्यांची ओळ घातली. दुकानाचा गाळा आता त्यांनी भाड्याने दिलाय. गेल्या ७ डिसेंबरला त्या माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या, म्हणाल्या, "नोव्हेंबरचं भाडं ध्वजदिनाला पाठवून दे, मला ते ऑनलाइन जमत नाही." आम्ही पाठवलं. पावती त्यांनी काकांच्या फोटोमागे ठेवली आहे.