९० दिवसांचा हिशेब

डोक्याला पट्ट्या, केस होरपळलेले, चेहऱ्यावर जखमा. ७ जुलै २००५च्या लंडन स्फोटांतून वाचलेल्या जॉन टुलॉक यांचा हा फोटो ८ नोव्हेंबरला ‘द सन’ने पहिल्या पानावर छापला. मथळा होता: टोनीला सांगा, त्याचं बरोबर आहे. टोनी म्हणजे पंतप्रधान ब्लेअर. ‘बरोबर’ काय, तर दहशतवादाच्या संशयिताला आरोप न ठेवता ९० दिवस कोठडीत ठेवण्याची तरतूद. वाचणाऱ्याला वाटावं, जखमी माणूसच बोलतोय. टुलॉक यांचा मात्र या तरतुदीला विरोध होता आणि त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. त्यात ते माध्यमशास्त्राचेच प्राध्यापक. ‘सन’ने फोटो निवडताना एवढं तरी पाहायचं!

दुसऱ्या दिवशी कॉमन्स सभागृहात ब्लेअर ३२२ विरुद्ध २९१ मतांनी हरले. पंतप्रधान म्हणून सभागृहातला तो त्यांचा पहिलाच पराभव, आणि तो घडवला स्वपक्षाच्याच ४९ बंडखोर खासदारांनी. तडजोड २८ दिवसांवर झाली. विरोधात मत देणाऱ्यांना ‘सन’ने गद्दार ठरवलं.

ब्रिटनमध्ये साध्या गुन्ह्यात, अगदी खुनातही, आरोप न ठेवता जास्तीत जास्त ९६ तास डांबता येतं. दहशतवादासाठी २०००च्या कायद्याने सात दिवस दिले, २००३मध्ये ते १४ झाले. पोलिसांचं म्हणणं असं, की कुलूपबंद हार्ड डिस्क उघडायला आणि परदेशातून माहिती मागवायला वेळ लागतो. मुद्दा खोटा नव्हता. पण त्यासाठी नेमके ९० दिवसच का, हे कुणालाच पटवून देता आलं नाही.

आपल्याकडे यूएपीएखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, मग तिथे २८ दिवसांवरून एवढा गदारोळ कशाला, असं वाटू शकतं. पण आपल्या १८० दिवसांत पोलीस कोठडी फार तर ३०; उरलेले दिवस न्यायालयीन कोठडीचे. ब्रिटनमध्ये ४८ तासांनंतर न्यायालयाची परवानगी लागते, तरी आरोप ठेवला जाईपर्यंत चौकशी चालूच राहते. आरोप ठेवल्यावर माणूस लगेच सुटतो असंही नाही. खटला उभा राहीपर्यंत तो तुरुंगातच असू शकतो. त्यामुळे ‘अमेरिकेत दोन दिवस, इथे २८’ असले तक्ते दिशाभूल करतात. त्या दोन दिवसांत अमेरिकेचा ग्वांतानामोचा तुरुंग धरलेला नसतो. सरकारच्या टीकाकारांनीही हे तक्ते बिनदिक्कत वापरले.

२००८मध्ये ब्लेअर यांच्यानंतरचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी ४२ दिवसांचा आग्रह धरला. कॉमन्समध्ये ३१५ विरुद्ध ३०६, अवघ्या नऊ मतांनी निभावलं, आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपीचे नेमके नऊ खासदार त्यांच्या बाजूने होते. विरोधी बाकांवरच्या डेव्हिड डेव्हिस यांनी निषेध म्हणून खासदारकीच सोडली. वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये, तर गुप्तचर संस्था एमआय-५च्या माजी प्रमुख मॅनिंगहॅम-बुलर विरोधात बोलल्या, आणि ३०९ विरुद्ध ११८ मतांनी प्रस्ताव आपटला.

या सगळ्या भांडणात २८ दिवसांच्या प्रत्यक्ष वापराचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. १४ दिवसांहून जास्त काळ ठेवले गेले ११ जण. त्यातले सहा जवळपास शेवटच्या दिवसापर्यंत. या सहांपैकी तिघांवर आरोप ठेवले गेले, तिघांना आरोपाविना सोडलं.

जानेवारी २०११मध्ये मुदत पुन्हा १४ दिवसांवर आली आणि २०१२च्या कायद्याने ती पक्की झाली. पुन्हा २८ दिवसांची गरज पडलीच, तर तातडीने संसदेत मांडायचं विधेयक मात्र सरकारने तयार करून ठेवलं.