तंबोरा कोण लावणार?

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका घरगुती बैठकीला गेलो होतो. पंचवीस-तीस माणसं, खाली सतरंज्या, समोर गायिका, डाव्या-उजव्या हाताला पेटी आणि तबला. तंबोरा मात्र दिसत नव्हता, तो ऐकू येत होता. गायिकेच्या मांडीशी ठेवलेल्या फोनमधून जोडी वाजत होती. यमनाची आलापी रंगात आली, निषादावरचा ठहराव संपून षड्जाची वाट पाहत सगळे बसले होते, आणि नेमका त्याच क्षणी त्या फोनवर कोणाचा तरी फोन आला! तंबोरा बंद पडला. गायिका हसली, मंडळीही हसली. पण मग यजमानांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे गवसणी घातलेला एक तंबोरा उभा होता, त्यांच्या आईचा. "हा घ्या की!" ते म्हणाले. गवसणी निघाली. तारांवर गंज चढला होता, एक तुटलेली होती. श्रोत्यांत गाण्यात विशारद झालेल्या दोन मुली होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. तंबोरा लावायची सवय दोघींनाही नव्हती. दोन मिनिटांनी फोन पुन्हा चालू झाला आणि बैठक पुढे सरकली.

बैठक छान झाली, तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी घरी येताना एकच प्रश्न मनात घोळत राहिला. हा तंबोरा आता लावणार कोण?

आज संगीताच्या सामानाच्या दुकानात पाऊल टाकलं, तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची केवढी सोय झाली आहे हे दिसतं. डब्याएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. हव्या त्या लयीत ठेका धरणारं तबल्याचं यंत्र आहे. तबलजीच्या रियाजासाठी लेहरा वाजवत राहणारं यंत्र आहे. पट्टी बदलता येणाऱ्या पेट्या आहेत, वादीऐवजी बोल्ट लावलेले तबले आहेत, सूर मोजणारे चिमटे आहेत, आणि जुन्या कापडी गवसणीच्या जागी जाड अस्तराच्या पिशव्या आहेत. यातलं बरंचसं तर आता एका फोनमध्येच मावतं. तिथून अप्पा बळवंत चौकात आलं, की पुस्तकांची रांग. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग, विनायकबुवा पटवर्धनांचा 'राग विज्ञान', बी. आर. देवधरांचा 'राग बोध', अरविंद मुळगावकरांचं 'तबला', आणि शिवाय परीक्षेला उपयोगी पडणारी लहान-मोठी पुस्तकं.

या सगळ्यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण नव्या साधनावर नाक मुरडायची आपली सवय जुनी आहे, आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरली आहे. पलुसकर आणि भातखंडे या दोघांनी आपापली स्वरलेखनपद्धती तयार करून चिजा कागदावर उतरवल्या, तेव्हा गळ्यातली विद्या पुस्तकात जाते याचं अनेक जुन्या गवयांना दुःख झालं होतं. घराण्याची चीज ही घराण्याची दौलत, ती बाजारात कशी मांडायची? पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची सुरुवात केली, आणि १९३२ साली विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडलं. मध्यमवर्गीय घरातल्या मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या त्या अशा शाळांमुळे आणि त्यांच्या पुस्तकांमुळे. दौलत लुटली गेली असेल, पण ती घरोघर पोचली.

पेटीचं तर विचारूच नका. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं आणि ते पुढे सुमारे तीस वर्षं बंद राहिलं. कारण काय, तर तिला मींड येत नाही आणि तिचे सूर आपले नव्हेत. पण पुण्याच्याच अप्पा जळगावकरांची साथ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पेटीची बाजू मांडायला दुसरा वकील लागणार नाही.

तेव्हा यंत्राच्या तंबोऱ्याकडेही न्यायाने पाहायला हवं. बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला. स्वतः बासरी वाजवणाऱ्या या अभियंत्याला कलावंताची अडचण ठाऊक होती. तीन खणांच्या घरात तंबोऱ्याची जोडी ठेवायची कुठे? सकाळी तीन शिकवण्या, दुपारी शाळा, संध्याकाळी साथीचा कार्यक्रम, अशी दुचाकीवरून वणवण करणाऱ्या वादकाने भोपळा सांभाळत जायचं कसं? तबल्याच्या रियाजाला तासभर लेहरा धरून बसायला धाकटा भाऊ तरी किती दिवस तयार होणार? २०२० सालच्या टाळेबंदीत शिकवण्या पडद्यावर गेल्या. आवाज थोडा उशिरा पोचत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र गाता येईना. तेव्हा शिष्याच्या घरातला हा यांत्रिक षड्जच काय तो आधार होता. ज्याने हे सगळं अनुभवलं आहे, तो यंत्राला नावं ठेवणार नाही.

मग हरवतं काय? दोन गोष्टी हरवतात, आणि दोन्हींना दुकानात पर्याय नाही.

पहिली गोष्ट कानाची. तंबोरा नीट लागला, की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडत नाही, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आजच्या बहुतेक पेट्या ज्या समान अंतरांच्या सुरांत मिळवलेल्या असतात, त्यांचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्शाने चढा असतो. हा फरक छोटा वाटतो, पण यमनात किंवा भूपात तो लपत नाही. सांगलीच्या देवलांनी आणि क्लेमंट्ससाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला तो याच फरकापायी. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली तीही त्यासाठीच. खुंटी पिळून, जवारीवरचा दोरा केसभर मागेपुढे करून तो गंधार स्वतः बाहेर काढला, की कान तयार होतो. आयता मिळालेला सूर कानावरून वाहून जातो, शोधून मिळालेला सूर कानात राहतो.

इथे एक साधी व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. फोनच्या इवल्याशा कर्ण्यातून एवढा खालचा सूर नीट बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे फोनमधला तंबोरा उत्तम असला, तरी आपल्याला ऐकू येतो तो त्याचा वरचा अर्धाच भाग. बरा स्पीकर जोडला, तर तोच तंबोरा भरून येतो. रियाजासाठी एकच नवी वस्तू घ्यायची असेल, तर आधी ही घ्यावी.

दुसरी गोष्ट जागेची. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य हे आपल्या मैफलीचं जुनं चित्र. १९५३ सालापासून पुण्यात भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावर रसिकांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मागे बसलेला तो मुलगा केवळ तारा छेडत नसतो. श्रोते दाद देत नसताना गुरूजी काय करतात, घसा बसला असताना राग कसा सावरतात, तबलजीला डोळ्यांनी काय सांगतात, हे सगळं त्याला दोन हातांवरून दिसत असतं. हे कोणत्याही पुस्तकात नाही आणि शिकवणीतही सांगता येत नाही. मंचावर पेटीएवढं यंत्र ठेवलं, की प्रवासाचं एक तिकीट वाचतं, आणि त्याबरोबर ती जागाही जाते.

आणि यंत्रामागे एक गाव आहे, त्याचाही विचार व्हावा. तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा उन्हात वाळवायचा, त्यावर लाकडी तबली आणि दांडी चढवायची, आणि शेवटी जवारी काढायची, हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव राखलं जाईल, पण हात राखायचे तर तंबोरे वाजले पाहिजेत, तारा तुटल्या पाहिजेत, जवारी काढून घ्यायला कोणीतरी गेलं पाहिजे. गवसणीत उभ्या असलेल्या वाद्याला कारागीर लागत नाही.

म्हणून यंत्र फेकून द्या असं मी म्हणणार नाही. प्रवासात, शिकवण्यांच्या धावपळीत, रात्री उशिरा शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करताना ते जरूर वापरावं. पण ज्या घरात तंबोरा आहे, तिथे आठवड्यातून एक दिवस तरी तो खाली घ्यावा. गाण्याच्या वर्गांनी तंबोऱ्याची एक जोडी बाळगावी आणि ती रोज वेगळ्या विद्यार्थ्याने लावावी. परीक्षा घेणाऱ्यांनी रागांची नावं विचारण्याआधी मुलाच्या हातात उतरवलेला तंबोरा द्यावा. मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमात आण, मारव्यासाठी निषादात आण, एवढं सांगावं आणि गप्प बसावं. तयारी किती आहे ते पाच मिनिटांत कळेल.

त्या बैठकीचे यजमान परवा भेटले. आईच्या तंबोऱ्याला त्यांनी नव्या तारा घातल्या आहेत, जवारीही काढून आणली आहे. त्या दोन मुलींपैकी एक दर रविवारी सकाळी येते आणि तंबोरा लावत बसते. पहिल्या दिवशी तिला पाऊण तास लागला होता.

"आता किती लागतो?" मी विचारलं.

"अजून वीस मिनिटं लागतात," ते म्हणाले. "पण मागच्या रविवारी मध्येच थांबली आणि मला म्हणाली, काका, गंधार ऐकू आला!"