मस्तक आणि मान : स्नायू-सांध्यांची वंशावळ

मस्तक आणि मान हा शरीराचा लहानसा भाग असला, तरी चावणे, गिळणे, बोलणे, गाणे, पाहणे, हसणे, होकार-नकार देणे अशा भिन्न स्वरूपाच्या क्रिया एवढ्या दाटीने दुसऱ्या कोणत्याही भागात एकत्र आलेल्या नाहीत. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना या भागाचे शरीररचनाशास्त्र सर्वांत अवघड वाटते, त्याचे कारणही या दाटीतच आहे. हातापायांत स्नायू कोठे आहे हे कळले की त्याचे काम आणि त्याला आज्ञा पोहोचवणारा मज्जातंतू यांचा बराचसा अंदाज बांधता येतो; मस्तकात मात्र एकमेकांना खेटून असलेले दोन स्नायू दोन निराळ्या मज्जातंतूंच्या अधीन असतात, आणि कानाच्या पोकळीत दडलेला एखादा स्नायू ओठांच्या कडेच्या स्नायूशी एकाच मज्जातंतूने बांधलेला असतो. हा गुंता स्थानावरून उलगडत नाही, तो उत्पत्तीवरून उलगडतो. गर्भात कोणता स्नायू कोणत्या मुळापासून निघाला हे ध्यानात घेतले, की वरवर विस्कळीत दिसणाऱ्या या रचनेतील सुसंगती दिसू लागते.

प्राचीन मोजणी आणि नवे विच्छेदन

मस्तकाच्या सांध्यांचे पद्धतशीर वर्गीकरण करण्याचा फार जुना प्रयत्न सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आढळतो. त्या ग्रंथाने शरीरात २१० सांधे मानले असून त्यांपैकी ८३ मानेत आणि मानेच्या वर आहेत. पेशी, म्हणजे आजच्या भाषेत स्नायू, ५०० मानले आहेत, परंतु त्यांपैकी केवळ ३४ या भागाच्या वाट्याला आले आहेत. सांध्यांची संख्या मोठी दिसते, कारण प्रत्येक दाताचा त्याच्या खोबणीशी असलेला जोडही तेथे सांधा म्हणून मोजला आहे, आणि आधुनिक शास्त्रही त्या जोडाला सांध्याचाच एक प्रकार मानते. कवटीच्या हाडांमधील सांधे शिवणीसारखे म्हणून तुन्नसेवनी, जबड्याचे कावळ्याच्या चोचीसारखे म्हणून वायसतुंड, मानेच्या मणक्यांचे सपाट म्हणून प्रतर आणि कानाचे शंखाच्या वळणासारखे म्हणून शंखावर्त, अशी ती आकारावर आधारलेली विभागणी आहे. प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि नंतर कुंचल्याने हळूहळू थर खरवडत आतील अवयव पाहावेत, अशी अभ्यासाची रीत त्यात सांगितली आहे. हाडे आणि सांधे या रीतीने उत्तम दिसतात. त्वचेला चिकटलेले चेहऱ्याचे तलम स्नायू मात्र तिच्यातून शाबूत हाती लागणे कठीण होते.

युरोपात दुसऱ्या शतकातील गॅलनची वर्णने तेराशे वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. ती मुख्यतः प्राण्यांच्या विच्छेदनावर बेतलेली असल्याने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असा समज रूढ झाला होता. आंद्रेआस व्हेसेलियसने १५४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रौढ माणसाचे हे हाड एकसंध असल्याचे प्रत्यक्ष विच्छेदनाच्या आधारे दाखवले. गर्भात मात्र हे हाड खरोखरच दोन अर्धांनी तयार होते आणि ते अर्ध जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात हनुवटीपाशी जुळून येतात. प्रौढ शरीरातील रचना समजून घेण्यासाठी तिचा गर्भातील इतिहास पाहावा लागतो, याचे हे एक साधे उदाहरण होय.

कवटीच्या शिवणी आणि जबड्याचा सांधा

प्रौढ माणसाच्या कवटीत, कानातील सूक्ष्म हाडे वगळता, २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ मेंदूभोवतीची पेटी बनवतात आणि १४ चेहऱ्याचा सांगाडा घडवतात. खालचा जबडा सोडला तर ही सर्व हाडे दंतुर कडांनी एकमेकांत गुंतलेली असून त्यांच्यामध्ये तंतुमय ऊतींचा पातळ थर असतो, त्यामुळे तेथे हालचाल जवळजवळ होत नाही. नवजात अर्भकात मात्र या शिवणी सैल असतात, म्हणूनच प्रसूतीच्या वेळी हाडे किंचित एकमेकांवर सरकून डोके बाहेर येऊ शकते. टाळू म्हणून ओळखली जाणारी पुढची मऊ जागा साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते, तर मागची लहान जागा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बंद होते.

कवटीचा खऱ्या अर्थाने चल असा एकमेव मोठा सांधा म्हणजे कानाच्या भोकापुढे, दोन्ही बाजूंना असलेला जबड्याचा सांधा. त्याच्या पोकळीत तंतुमय कूर्चेची एक चकती असते आणि ती सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे करते. तोंड थोडे उघडताना खालच्या कप्प्यात जबड्याचा गोलवा बिजागरीसारखा फिरतो. तोंड अधिक उघडू लागले की चकती आणि गोलवा हे दोन्ही मिळून वरच्या कप्प्यात पुढे सरकतात. मोठी जांभई देताना हा गोलवा कधी कधी पुढच्या उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकतो आणि तोंड मिटेनासे होते. निखळलेला जबडा जागेवर बसवण्याच्या कृती सुश्रुतसंहितेत आहेत, तशाच त्या ग्रीक हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांतही आहेत.

हा सांधा हलवणाऱ्या चर्वण-स्नायूंच्या चार जोड्या आहेत. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेंपोरॅलिस आणि गालाच्या मागच्या भागात, दात आवळल्यावर हाताला टणक लागणारा मॅसेटर हे दोन स्नायू जबडा मिटतात. जबड्याच्या आतल्या बाजूचा मेडियल टेरिगॉइड त्यांना साथ देतो, आणि लॅटरल टेरिगॉइड गोलव्याला पुढे ओढून तोंड उघडण्यास मदत करतो. मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा कितीतरी बलवान असतात. धनुर्वातात सर्वच स्नायू आकडतात, तरीही या असमतोलामुळे तोंड मिटूनच राहते, आणि दातखीळ बसणे हे त्या रोगाचे आरंभीचे लक्षण ठरते.

तोंड न उघडण्याचे आणखी एक कारण महाराष्ट्राला फार जवळचे आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जातात, गाल ताठर होतात आणि रोग बळावल्यावर त्याखालचे स्नायूही त्यात सापडतात. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन भारतात प्रथम केले. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते. या रुग्णांत ते बोटभरही उघडेनासे होऊ शकते, आणि यातील काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारीचे व्यसन सुटलेले नाही, म्हणून आपल्या तोंडात किती बोटे उभी मावतात हे अधूनमधून पाहण्याची सवय सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाने लावून घेणे आवश्यक आहे.

कमानींचा वारसा

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात भावी घशाच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक असे उंचवटे दिसू लागतात. त्यांना ग्रसनी-कमानी म्हणतात. माशांमध्ये अशाच कमानींपासून कल्ले बनतात. मार्टिन राथके याने १८२५ साली सस्तन प्राण्यांच्या गर्भातही कल्ल्यांसारख्या खाचा असतात हे दाखवले, तेव्हापासून मस्तकाच्या रचनेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. प्रत्येक कमानीला स्वतःचा कूर्चेचा दांडा, स्वतःचे स्नायू आणि स्वतःचा मज्जातंतू असतो. पुढे स्नायू कितीही दूर सरकला, तरी तो आपला मूळचा मज्जातंतू सोबत नेतो.

पहिल्या कमानीचा मज्जातंतू म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवा, आणि तिचे स्नायू म्हणजे चर्वणाचे चारही स्नायू. परंतु याच कमानीतून कानाच्या पडद्याला ताण देणारा टेन्सर टिंपनाय हा बारीक स्नायूही बनतो. जबड्याच्या मज्जातंतूने कानातील स्नायू का हलवावा, या प्रश्नाचे उत्तर कार्ल रायशर्टच्या १८३७ सालच्या गर्भविषयक अभ्यासात मिळते. मधल्या कानातील हातोडी आणि ऐरण ही दोन हाडे पहिल्या कमानीच्या कूर्चेपासून बनतात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांमध्ये असतो, त्यांचीच ती रूपांतरे आहेत. सस्तन प्राण्यांत जबड्यासाठी नवा सांधा तयार झाला आणि जुना सांधा आवाज पोहोचवण्याच्या कामी लागला. माणसाच्या कानातील हातोडी-ऐरणीचा चिमुकला सांधा म्हणजे त्याच्या दूरच्या पूर्वजांचा जबडाच होय.

दुसऱ्या कमानीची प्रजा याहून विखुरलेली आहे. सातव्या मज्जातंतूच्या अधीन असलेले हे स्नायू कपाळ, पापण्या, गाल, ओठ आणि गळ्याची त्वचा एवढ्या विस्तृत प्रदेशावर पसरतात, आणि हाडाला हाडाशी न जोडता बहुतेक वेळा त्वचेत शिरतात, म्हणूनच त्यांच्या आकुंचनाने सांधा न हलता चेहऱ्याची मुद्रा बदलते. फ्रेंच वैद्य ड्युशेन याने विद्युत्प्रवाहाने हे स्नायू एकेक करून उत्तेजित केले आणि १८६२ साली त्यांची छायाचित्रांसह मांडणी केली; मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही आकसतो, हे त्याचे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ सालच्या भावाविष्कारावरील ग्रंथात याच छायाचित्रांचा आधार घेतला. भारतात भरताच्या नाट्यशास्त्राने भुवयांच्या ७, गालांच्या ६ आणि खालच्या ओठाच्या ६ क्रिया नटासाठी वेगळ्या काढल्या होत्या. नटाच्या शिक्षणासाठी केलेली ही विभागणी चेहऱ्याच्या स्नायूंच्या स्वतंत्र हालचालींची किती सूक्ष्म जाण दर्शवते, हे आजच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे आहे.

मधल्या कानातील स्टेपीडियस, म्हणजे शरीरातील सर्वांत लहान कंकाल-स्नायू, हाही याच कमानीचा. मोठ्या आवाजाच्या वेळी तो रिकिबीच्या हाडाला आवरून धरतो. सातवा मज्जातंतू लुळा पडून तोंड वाकडे झालेल्या काही रुग्णांना त्या बाजूच्या कानात साधे आवाजही असह्य वाटतात, याचा उलगडा या नात्यावरून होतो. दोन कमानींची सीमा तर एकाच स्नायूत दिसते : हनुवटीखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूची दोन पोटे असून पुढचे पोट पाचव्या आणि मागचे पोट सातव्या मज्जातंतूच्या आज्ञेत असते.

घास आणि स्वर

तिसऱ्या कमानीच्या वाट्याला घसा उचलणारा एकच स्नायू येतो. त्याखालच्या कमानींपासून घशाचे उरलेले बहुतेक आणि स्वरयंत्राचे सर्व स्नायू बनतात व ते दहाव्या मज्जातंतूच्या अधीन असतात. या सर्वांच्या मध्यभागी नालाच्या आकाराचे कंठिकास्थी असते, जे दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नाही. ते केवळ स्नायू आणि अस्थिबंध यांच्या ताणावर तरंगत राहते. गिळताना ते वर व पुढे खेचले जाते आणि स्वरयंत्र जिभेच्या मुळाखाली आश्रय घेते, म्हणून घास श्वासमार्गात जात नाही. जीभ मात्र कमानींची नाही. तिचे स्नायू मानेच्या वरच्या टोकाकडील ऊतीखंडांतून सरकत तोंडात येतात आणि आपला बारावा मज्जातंतू बरोबर आणतात.

स्वरयंत्रात कूर्चांचे लहान पण खरेखुरे चल सांधे आहेत. पुढची कूर्चा खालच्या कड्यावर कलली की स्वरतंतू ताणले जाऊन स्वर चढतो. मागच्या दोन छोट्या कूर्चा फिरल्या आणि सरकल्या की स्वरतंतू जवळ येतात किंवा दूर होतात. स्वरतंतू दूर करून श्वासाचा मार्ग मोकळा करणारी स्नायूंची जोडी एकच आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे मज्जातंतू दुखावले तर श्वास कोंडण्याचा धोका निर्माण होतो. जिवंत माणसाच्या स्वरतंतूंची हालचाल आरशाच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली सिद्ध केली.

या स्नायूंकडे जाणारा डावा मज्जातंतू सरळ न जाता छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो आणि पुन्हा वर चढतो. गर्भात हृदय आणि त्याच्या धमन्या मानेच्या पातळीवरून खाली सरकतात, त्या वेळी हा मज्जातंतू त्यांच्याखाली अडकून खेचला जातो. जिराफात त्यामुळे त्याची लांबी कित्येक मीटर होते. आवाज दीर्घकाळ घोगरा राहिला तर डॉक्टर घशाबरोबर छातीचीही तपासणी का करतात, हे या वळशावरून कळते.

मस्तकाचा तोल

मानेत ७ मणके असतात आणि, स्लॉथ व मॅनेटी यांसारखे थोडे अपवाद वगळता, उंदरापासून जिराफापर्यंत सर्व सस्तन प्राण्यांत हीच संख्या आढळते. पहिला मणका, अ‍ॅटलस, हा बिनगाभ्याचे कडे असून त्याच्या दोन खोलगट पृष्ठांवर कवटी टेकते. होकाराची हालचाल प्रामुख्याने येथे होते. दुसऱ्या मणक्याचे, म्हणजे अ‍ॅक्सिसचे, दातासारखे टोक या कड्यात शिरते आणि त्याभोवती कड्यासह मस्तक फिरते, म्हणून नकाराची हालचाल या सांध्याची. मान वळवण्याच्या एकूण हालचालीपैकी जवळजवळ निम्मी येथेच होते. हे टोक मागे सरकून मज्जारज्जूवर दाबू नये म्हणून एक बळकट आडवा अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतो. या दोन्ही सांध्यांत मणक्यांमधली गादी नसते. ती दुसऱ्या मणक्याखालून सुरू होते.

मस्तकाचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते आणि त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित पुढे पडतो. त्यामुळे जागेपणी मानगुटीचे स्नायू सतत सौम्य ताणात असतात, आणि बसल्या बसल्या डुलकी लागली की तो ताण सुटून डोके पुढे झुकते. मोबाइलकडे पाहत मान तासन्‌तास वाकवली की हा पुढचा पल्ला वाढतो आणि स्नायूंवरचा व गाद्यांवरचा भार कित्येक पटींनी चढतो. चुंबळीवर हंडा घेऊन ताठ चालणाऱ्या स्त्रीच्या मानेत पल्ला वाढत नाही, परंतु हंड्याचे सगळे वजन सरळ मणक्यांवर व गाद्यांवर येते. मानेच्या बाजूने तिरका उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा स्नायू उजवीकडचा आकसला तर चेहरा डावीकडे वळवतो; तो आणि खांद्याचा ट्रॅपिझियस हे दोघेही अकराव्या मज्जातंतूच्या आज्ञेत असतात.

वंशावळीचा उपयोग

रुग्णाला भुवया उंचावायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, जबडा आवळायला, जीभ बाहेर काढायला, खांदे उचलायला आणि मान वळवायला सांगणारा डॉक्टर कोणत्याही यंत्राविना ही वंशावळच वाचत असतो. तोंड एका बाजूला वाकले असताना त्या बाजूचे कपाळही हलत नसेल आणि डोळाही मिटत नसेल, तर दोष बहुधा सातव्या मज्जातंतूतच असतो. कपाळ नीट हलत असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात आणि पक्षाघातात त्यांपैकी एकच अर्ध बंद पडतो. घरच्या माणसांनी मात्र हा निवाडा स्वतः करत बसू नये. अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण पक्षाघातात उपचाराचे पहिले काही तासच निर्णायक असतात. चेहऱ्यावरील एवढीशी खूण मेंदूतील बिघाडाची वर्दी का देऊ शकते, हे ज्याला ठाऊक आहे तो ती खूण दिसताच थांबत नाही, आणि या शास्त्राचे ज्ञान वैद्यकाच्या वर्गाबाहेर, मराठीतून, सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे ते यासाठीच.