एक मंडळी, दोन बाप्तिस्मे

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती चर्चांनी आपापले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित केले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी स्थापन केली. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या या घटनेची नोंद ख्रिस्ती समाजाबाहेर फारशी कोणी ठेवली नाही. वस्तुतः मतभेद असलेल्या माणसांनी एका संस्थेत कसे नांदावे, या प्रश्नाचे इतके बारकाईने घडविलेले उत्तर आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच आढळते. ते उत्तर कोठे टिकले व कोठे उणे पडले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

भिन्नधर्मीयांनी सलोख्याने कसे राहावे, याविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. परंतु एकच ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या स्वधर्मीयांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न काही कमी बिकट नाही. परक्याचे मत निराळे असणार, हे माणूस गृहीतच धरतो. घरच्याचे मत निराळे निघाले, की मात्र ती त्याला फितुरी वाटते. शैव-वैष्णवांच्या वादाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

नकाशाने ठरविलेला पंथ

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट पंथभेदांचा उगम मराठी माणसाच्या धर्मचिंतनात नाही. तो मिशनांनी केलेल्या क्षेत्रविभागणीत आहे. एकाच गावात दोन मिशनांनी स्पर्धा करू नये, म्हणून त्यांनी आपापसात प्रदेश वाटून घेतले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर या भागांत प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे काम होते. नाशिककडे अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती. नागपूर व जालन्याकडे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, यवतमाळात फ्री मेथडिस्ट आणि बुलढाण्यात नाझरीन. ही विभागणी काटेकोर नव्हती; नगर जिल्ह्यात अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक मिशनेही होतीच. तथापि व्यापारी पेढ्यांनी बाजारपेठा वाटून घ्याव्यात, तसाच हा व्यवहार होता.

त्याचा परिणाम असा झाला, की नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाचा पंथ त्याच्या विचाराने नव्हे, तर त्याच्या तालुक्याने ठरला. नेवाशाचा माणूस काँग्रिगेशनल झाला आणि नाशिकचा अँग्लिकन, याचे कारण त्या दोघांनी बिशपपदाविषयी भिन्न मते बनविली हे नव्हते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत ज्या प्रश्नांवरून रक्त सांडले, ते प्रश्न या माणसांना तयार उत्तरांसह वारशाने मिळाले.

पुढे रेल्वे, गिरण्या, रुग्णालये आणि शाळा यांतील नोकऱ्यांनी हीच माणसे मुंबई-पुण्यात आणली. एकाच चाळीत, एकाच कचेरीत निरनिराळ्या मिशनांची लेकरे शेजारी आली. मुलामुलींची लग्ने जमू लागली. ‘तुमची मंडळी कोणती?’ हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत विचारला जाऊ लागला. गावाकडे नकाशाने सोडविलेला प्रश्न आता माणसांना स्वतः सोडवावा लागणार होता.

रमाबाई आणि टिळक

या परिस्थितीविरुद्ध महाराष्ट्रातूनही स्पष्ट आवाज उठला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो शरणागतीचा खासच नव्हता. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेली ही पत्रे आजही वाचण्याजोगी आहेत. गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीविषयी आदर बाळगूनही तिचे मत न स्वीकारण्याचा हक्क त्यांत ठामपणे बजावलेला दिसतो. ख्रिस्ती धर्मातील पंथांचा गलबला पाहून आपण गोंधळून गेलो, असे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाशी बांधलेले नाही, हा योगायोग नव्हे.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तोही याच अस्वस्थतेतून. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती संस्था फार टिकली नाही. टिकली ती त्यांची भक्तिगीते. आज मराठी उपासनेत ही गीते गाताना ती अमुक पंथाची म्हणून कोणी थबकत नाही. धर्मपंडितांच्या परिषदांना जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते एका कवीच्या गीतांनी परस्पर साधले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु गाणे एक झाले म्हणून संस्था एक होत नाहीत. त्यासाठी नियम लागतात.

नागपूरचा तोडगा

दक्षिणेत ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ २७ सप्टेंबर १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांतच स्थापन झाले. उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ मध्ये लखनौ येथे सुरू झाल्या आणि त्यांना तब्बल एकेचाळीस वर्षे लागली. या विलंबाला कारण होते. नागपूरला एकत्र आलेल्या सहा चर्चांपैकी तीन बालकांना बाप्तिस्मा देणारी होती, ती म्हणजे अँग्लिकन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनलांचे युनायटेड चर्च. उरलेली तीन, म्हणजे बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, सज्ञान व्यक्तीने स्वतः श्रद्धा प्रकट केल्याखेरीज बाप्तिस्मा देत नसत. हा भेद केवळ रिवाजाचा नव्हता. एका पक्षाच्या मते बालकाला बाप्तिस्मा नाकारणे म्हणजे देवाच्या कृपेला वयाची अट घालणे होय. दुसऱ्याच्या मते अजाण बालकाला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे.

येथे कोणाचे बरोबर, याचा निकाल लावावयाचा असता तर ऐक्य कधीच झाले नसते. नागपूरच्या घटनेने तो निकाल लावलाच नाही. तिने दोन्ही पद्धती पर्यायी म्हणून मान्य केल्या. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वमुखाने श्रद्धा प्रकट करावी. ज्याच्या आईवडिलांना ते मान्य नसेल, त्याने मोठेपणी श्रद्धा प्रकट करून बाप्तिस्मा घ्यावा. दोन्ही वाटांनी येणारा मनुष्य पूर्ण सभासदत्वाच्या एकाच दाराशी पोहोचतो. बालकाला बाप्तिस्मा देणे ज्या पाळकाच्या सदसद्विवेकाला पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. मात्र ते काम दुसऱ्या पाळकाकडून करवून घेणे त्याचे कर्तव्य आहे. या तरतुदीत पाळकाचा विवेक राखला गेला आणि त्या कुटुंबाचा हक्कही बुडाला नाही.

धर्मसेवकांच्या अधिकाराचा पेचही असाच सोडविण्यात आला. बिशपच्या हस्ते दीक्षा झालेली नसेल तर ती अपुरी, असे अँग्लिकनांपैकी अनेक मानीत. आपली दीक्षा अपुरी असल्याचे प्रेस्बिटेरियन कधीच मान्य करणार नव्हते. नागपूरला सर्व परंपरांच्या सेवकांनी परस्परांकडून हस्तार्पण स्वीकारले. ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने भरून काढावे, एवढाच त्या विधीचा आशय ठेवण्यात आला; कोणाचे काय उणे, हे मुद्दाम सांगितले गेले नाही. टीकाकारांनी या संदिग्धतेस दुबळेपणा म्हटले. परंतु जेथे सत्य ठरविण्याचे साधन माणसाच्या हाती नाही, तेथे संदिग्धता ही लबाडी ठरत नाही. ती नम्रता असू शकते.

अर्थात सारेच या छत्राखाली आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला झाले आणि १९८१ साली ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वायत्त झाले. दुसरीकडे दक्षिणेचे चर्च, उत्तरेचे चर्च आणि केरळचे मार थोमा चर्च यांनी १९७८ मध्ये विलीन न होताच संयुक्त परिषद स्थापिली. एकमेकांचे प्रभुभोजन आणि एकमेकांचे सेवक मान्य करावेत, कारभार मात्र आपापला ठेवावा, हाही एक मार्ग आहे. ऐक्य म्हणजे विलीनीकरणच, असे समजण्याचे कारण नाही.

सिद्धान्ताआडची मालमत्ता

मिशनांच्या मागे केवळ श्रद्धाच राहिली नाही. शाळा, रुग्णालये, बंगले आणि शहरांच्या मध्यवस्तीतील जमिनीही राहिल्या. या जमिनींचे मोल वाढत गेले, तसे ऐक्यविषयक वाद न्यायालयात दिसू लागले. गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विलीनीकरणाचा ठराव झाला एवढ्यावरून न्यासाची मालमत्ता नव्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळली पाहिजे, असा त्या न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. बाप्तिस्म्याविषयी इतकी सूक्ष्म तरतूद करणाऱ्या माणसांच्या हातून खरेदीखते आणि न्यासपत्रे यांची व्यवस्था तेवढ्या काळजीने झाली नाही.

यातून एक धडा घेण्यासारखा आहे. धर्ममतावरून पेटलेला म्हणून जो वाद पुढे येतो, त्याच्या मुळाशी अनेकदा मालमत्तेवरील ताबा, विश्वस्तांच्या नेमणुका आणि नोकऱ्या असतात. सिद्धान्ताचा मतभेद प्रामाणिक असेल तर त्याला आदर द्यावा. हिशेबाचा मतभेद असेल तर त्याला हिशेबनीस व वकील द्यावा. दोहोंची गल्लत झाली, की साध्या भाविकाला आपण श्रद्धेसाठी भांडत आहोत असे वाटत राहते आणि लाभ तिसऱ्याचाच होतो.

घरातील कसोटी

संस्थांच्या ठरावांची खरी परीक्षा घरात होते. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहाचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी अशा विवाहास परवानगी हवी असेल तर मुले कॅथलिक वळणाने वाढविण्याचे वचन दोघांनाही द्यावे लागे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चऐक्याविषयीचा निर्णय प्रसृत केला आणि पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये नियम सौम्य केले. आता आपल्या परीने प्रयत्न करण्याचे वचन कॅथलिक जोडीदारच देतो. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात ताटातूट झाली, त्या पापमुक्तीच्या प्रश्नावरही कॅथलिक आणि लूथरन चर्चांनी १९९९ साली संयुक्त जाहीरनामा काढला. तरीही एकमेकांच्या वेदीपाशी प्रभुभोजन घेण्याची वाट सर्वसाधारणपणे बंदच आहे. एकाच घरातील पतिपत्नींनी रविवारी दोन वाटांनी जावे, हे दुःख लहान नाही.

दुसरी कसोटी आजची आहे. नव्या स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांकडे जुन्या मंडळ्यांतील तरुण जात आहेत आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास सांगितले जाते. तरुणाच्या दृष्टीने तो त्याचा पहिलाच खरा बाप्तिस्मा असतो. आजीच्या दृष्टीने, तिने हातांवर घेऊन ज्या बालकाला मंडळीपुढे आणले, त्या दिवसाचा तो अपमान असतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. अशा वेळी जुन्या मंडळीने बहिष्काराची भाषा करू नये आणि नव्या मंडळीने जुन्या श्रद्धेला मृत म्हणू नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल. आपल्या मंडळीतून तरुण का उठून गेला, हा प्रश्न जुन्या पाळकाने स्वतःलाही विचारावा.

समान काय असावे?

नागपूरच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. एकत्र राहण्यासाठी सर्व बाबतींत एकमत लागत नाही. कोणत्या बाबतींत एकमत अपरिहार्य आहे, एवढ्यापुरते एकमत लागते. उरलेल्या बाबतींत दुसऱ्याची वाट खुली ठेवावी लागते आणि ती नुसती तोंडाने नव्हे, तर नियमाने ठेवावी लागते. ‘आपण सारे एकच’ असे म्हणून मतभेद झाकणारा सलोखा पहिल्या लग्नाला किंवा पहिल्या बारशाला उघडा पडतो. ‘तुझे मत मला मान्य नाही, पण तुझ्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी दुसरा पाळक मी स्वतः बोलावून आणीन’, असे म्हणू शकणारा सलोखा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची शक्यता असते. ख्रिस्ती मंडळ्यांना हे आजही रोजच्या व्यवहारात करून दाखवायचे आहे. आणि ज्यांच्या शाळेत, कचेरीत वा संघटनेत दोन मते आहेत, अशा इतर सर्वांनाही ते करावे लागणार आहे.